तुमच्या वाटचं

नाशिक,
रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
प्रभूच्या नावात सलाम.

आई, हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखव, पण घाई करू नकोस. एक वाक्य झालं की थोडी थांब. मेंदूच्या झटक्यानं बोलणं गेलं तरी त्यांना सगळं कळतं, फक्त वेळ लागतो, असं थेरपिस्ट बाईंनी दादाला सांगितलंय ना. आणि जिथे मी फक्त तुला उद्देशून लिहिलंय, तेही वाच. त्यांच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

आज चर्चमध्ये हंगामाचा सण झाला. तुम्ही दोघं नसतानाचा हा पहिलाच. सकाळी सातला मळ्यावरून द्राक्षांचा क्रेट आला. वाटेकऱ्यानं स्वतः निवडून घड भरले होते, खाली कागद घालून. म्हणाला, "सरांच्या नावाचा आहे, वरचेच लावलेत असं नको, तळाचेही बघा." मी खरंच तळापर्यंत पाहिलं, बाबा. तुम्ही पाहिलं असतं म्हणून. सगळे सारखेच होते, एकही मणी तडकलेला नव्हता. यंदा डावणी रोगानं सगळ्यांना घाबरवलं होतं, पण फळासाठीची गोडी छाटणी आपण जरा उशिरा घेतली ते बरं झालं.

वेदीपुढे नेहमीसारखीच गर्दी होती. गव्हाच्या ओंब्या, उसाची मोळी, कांद्याच्या पाट्या, मेथीच्या जुड्या, कुणीतरी पाय बांधून आणलेला कोंबडा. तो बरोबर पाळकांच्या प्रार्थनेत आरवला. तरुण संघाच्या मुलींनी केक आणले होते. लिलाव अडीच तास चालला. एक भोपळा चार वेळा विकला गेला, कारण जो घेई तो परत वेदीवर ठेवी. शेवटी "एक वार, दोन वार" म्हणणाऱ्यांचा आवाज बसला. आपला क्रेट तीनदा विकला गेला. तिसऱ्यांदा घेणाऱ्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सरांना पाठवा." मंगळवारी दादाचा मित्र पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. बाबांना एकेक मणी सोलून दे. गिळताना ठसका लागतो अजून, नाही का?

हे सगळं सविस्तर लिहिलं, कारण फोनवर तू विचारलं होतंस. पण त्याच फोनवर तू आणखी एक बोललीस, आणि आठवडाभर ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तू म्हणालीस, "भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, वाचले याबद्दल देवाचे आभार माना. मी मान हलवते. पण रात्री ताट वाढलं की यांच्याकडे पाहते. चाळीस वर्षं यांनी प्रार्थना केली आणि मी आमेन म्हटलं. आता हे बोलत नाहीत आणि मला शब्द सुचत नाहीत. आम्ही तसेच जेवतो."

आई, त्यावर मी फोनवर काहीच बोलले नाही. आता लिहिते.

२०१४ ची गारपीट आठवते ना तुला? मार्चमधली. माल पंधरा दिवसांत निघणार होता, व्यापारी पाहून गेला होता. बाबा शाळेतून परस्पर मळ्यावर गेले आणि अंधार पडल्यावर घरी आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. दोन एकरांत उभा घड उरला नव्हता, खाली नुसता खच. सोसायटीचं कर्ज, औषधांच्या दुकानाची उधारी, सगळं त्या मालावर होतं. तू पिठलं-भाकरी केली होतीस. आपण बसलो आणि बाबांनी प्रार्थना केली. ती मला शब्दशः पाठ आहे, कारण इतकी छोटी प्रार्थना त्यांनी कधीच केली नव्हती: "प्रभू, बाग गेली. मला फार वाईट वाटतंय. आम्ही सगळे घरात आहोत. भाकर आहे, तिच्याबद्दल तुझे उपकार. आमेन."

तू आमेन म्हणाली नाहीस. डोळेही मिटले नव्हतेस. मी पाहिलं, कारण मीही मिटले नव्हते. पुढे दोन-तीन आठवडे तू तशीच बसायचीस, आणि बाबांनी तुला एकदाही विचारलं नाही की आमेन का म्हणत नाहीस. माझ्या लेखी त्या प्रार्थनेपेक्षा हे न विचारणं मोठं होतं.

त्याच महिन्यात हंगामाचा सण आला. लोकांना वाटलं, यंदा सर येणार नाहीत. बाबांनी स्टीलच्या ताटलीत मूठभर फुटके मणी नेले आणि वेदीपुढे ठेवले, लिलावाला नव्हे, नुसते. एका वडीलधाऱ्यांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं की असलं अर्पण करू नये. लंगडं, आजारी जनावर वेदीवर आणणाऱ्यांना मलाखी संदेष्ट्यानं काय सुनावलंय ते वाचा. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. बाबांनी उत्तर दिलं, "चांगलं घरी ठेवून खराब आणलं असतं तर ते पाप झालं असतं. माझ्याकडे दुसरं नाहीच." मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मला लाज वाटली होती. आज ती ताटली डोळ्यांपुढे आली की वाटतं, त्या वर्षी मंडळीत त्याहून खरं काही आलं नसेल.

मग २०१७ चा पावसाळा. त्याबद्दल आपण फारसं बोललो नाही कधी. मला सातवा महिना होता. दवाखान्यात डॉक्टरांनी यंत्र पोटावर फिरवलं, परत फिरवलं, आणि गप्प झाले. घरी आल्यावर मंडळीतल्या एक बाई भेटायला आल्या. प्रेमानंच आल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "देवाची योजना असते. या गोष्टीबद्दलही त्याचे आभार मान, बघ शांती मिळेल." मी भिंतीकडे तोंड केलं. मला शांती नको होती, मला माझं बाळ हवं होतं. त्या रात्री तू भाताची पेज घेऊन आलीस, उशाशी बसलीस. मी म्हटलं, आई, मला प्रार्थना सांगू नकोस. तू म्हणालीस, "नाही सांगत. आज तू आमेनसुद्धा म्हणू नकोस. तुझ्या वाटचं मी म्हणते." आणि पुटपुटत काहीतरी म्हणालीस. काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही, मी कधी विचारलंही नाही. पण पेज प्यायले.

बाबांनी दुसऱ्या दिवशी पवित्र शास्त्र आणून उशाशी ठेवलं, स्तोत्र ८८ वर खूण घालून. मला वाटलं, समजावणीचं काही असेल. वाचलं तर त्यात समजावणी नाहीच. बाकीच्या दुःखाच्या स्तोत्रांना शेवटी कुठेतरी वळण मिळतं. हे मात्र अंधारातच संपतं. "हेही त्यातच आहे," एवढंच तुम्ही दारातून म्हणालात, बाबा. देवाच्या पुस्तकात आभार न मानणाऱ्यालाही एक पान दिलेलं आहे, हे त्या दिवशी मला समजलं. आणि त्या पानावरचा माणूसही देवाशीच बोलतो आहे, दुसऱ्या कुणाशी नाही, हे फार उशिरा लक्षात आलं.

त्यानंतर ते वचन मी पुन्हा नीट वाचलं, थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातलं, पाचवा अध्याय, अठरावी ओवी: "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." स्थिती*त*, आई. स्थितीबद्दल नव्हे. प्रेषित पौलानं हे ज्यांना लिहिलं ते छळ सोसत होते, आणि स्वतः पौल फिलिप्पै शहरात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री सोबती सीलाबरोबर गात होता. तो फटक्यांबद्दल गात नव्हता. इफिसकरांच्या पत्रात मात्र "सर्व गोष्टींबद्दल" असं आहे, ते मला ठाऊक आहे. ते वचन मला अजून जड जातं. जड जातं म्हणून मी ते टाकून दिलेलं नाही, पण पेलतं असं खोटंही सांगणार नाही.

मला ज्यानं खरा आधार दिला तो प्रभुभोजनाचा विधी. लहानपणापासून आपण ते शब्द ऐकतो: ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं, त्याच रात्री त्यानं भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली. इतक्या वेळा ऐकलं की त्यातली *ती रात्र* ऐकूच येईनाशी झाली होती. पुढे काय होणार हे त्याला माहीत होतं, धरून देणारा त्याच पंगतीत होता, तरी समोरच्या भाकरीचे त्यानं आभार मानले. आणि तिथून उठून गेथशेमाने बागेत गेल्यावर, हा प्याला टळो म्हणून तोच पालथा पडून विनवत होता. दोन्ही एकाच रात्री. भाकरीचे आभार मानले म्हणून रडायची बंदी नव्हती, आणि रडला म्हणून आधीचे आभार खोटे ठरले नाहीत. बाबांच्या त्या गारपिटीच्या रात्रीच्या प्रार्थनेत हेच तर होतं.

म्हणून आई, झटका आला याबद्दल आभार मान असं मी तुला सांगणार नाही. जे सांगतात त्यांच्यापुढे मान हलव आणि चहा दे. बाबांची वाचा गेली हे वाईटच आहे. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहून बोललेल्या माणसाला "पाणी" हा शब्द सापडू नये, याला मी दुसरं नाव देणार नाही.

सण आटोपल्यावर मी शरणपूर रोडनं पायी घरी आले. बाबा, तुम्ही मला लहानपणी याच रस्त्यानं नेताना जेकब वेनराइटची गोष्ट सांगायचात. गुलामांच्या जहाजातून सोडवलेला आफ्रिकेतला मुलगा, इथे मिशनच्या शाळेत वाढला. १८७३ मध्ये मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारल्यावर ज्यांनी त्यांचा देह महिनोन्‌महिने खांद्यावर वाहून समुद्रापर्यंत आणला, त्यांत तो होता. १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीजवळही तो होता. मला तेव्हा ती शौर्याची गोष्ट वाटायची. आज चालताना वेगळंच मनात आलं. त्या मुलाचे आई-बाप, गाव, भाषा, सगळं हिरावलं गेलं होतं. "त्या जहाजामुळे तर नाशिकला आलास, आभार मान," असं त्याला कुणी म्हटलं असतं तर ते फार क्रूर झालं असतं. त्यानं कशाकशाचे आभार मानले असतील ते त्याचं आणि देवाचं. दुसऱ्याच्या दुःखाची उपकारस्तुती आपण ठरवून द्यायची नसते. पण दुसऱ्याचं ओझं मात्र त्यानं खांद्यावर घेतलं.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात मी पुण्याला आले होते तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात ते जुनं भजन गुणगुणत होती आणि बाबांनी खाटेवरून दुसरी ओळ उचलली, शब्दांसकट. तू हातातलं पातेलं तसंच ठेवून धावत आलीस. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, यात नवल नाही. डाव्या मेंदूला इजा झाली की बोलणं जातं, पण चालीवरचे, वर्षानुवर्षं घोटलेले शब्द पुष्कळदा टिकून राहतात, कारण सुराचं काम उजवी बाजूही सांभाळते. गाण्याच्या आधारानं बोलणं परत आणायची पद्धतच आहे त्यांची. म्हणजे बघ, चाळीस वर्षं दर रविवारी आणि रोज रात्री जे म्हटलं गेलं, ते कुठेतरी अशा जागी जाऊन बसलंय जिथे झटका पोचला नाही. याचे आभार मात्र मी मानते, आई. मनापासून मानते. परवा मळ्यावर एकटी असताना मोठ्यानं मानले.

तुला शब्द सुचत नाहीत तर तू काही म्हणू नकोस. डोळे उघडे ठेवून बस हवं तर, आधीही बसली आहेस. तुझ्या वाटचं काही दिवस मी म्हणते. रोज रात्री आठला, तुमची ताटं वाढली की मी फोन लावीन. स्पीकरवर ठेव आणि फोन बाबांच्या डाव्या हाताजवळ ठेव, तो हात चालतो. तुमचा नातू पण असेल, त्याला कालपासून ती चाल शिकवतेय. पाच वर्षांचा आहे, पट्टी फार वर धरतो.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पुढच्या सोमवारपर्यंत पुरतील, दादाला चिठ्ठीचा फोटो पाठवलाय. घरात सगळं ठीक, तुळशीला आणि कढीपत्त्याला पाणी घालते. विजेचं बिल भरलं.

उद्या आठला. पहिली ओळ मी म्हणेन आणि थांबेन. दुसरी बाबांना उचलू दे, मध्ये कुणी बोलू नका.

तुमची,
लेक