पदरातून दिसणारा दिवा

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. मी अजून दोन वर्षं सिडनीतच राहणार आहे. सहीसुद्धा करून झाली. डिसेंबरात कायमची येते म्हणाले होते, ते आता होणार नाही. पण आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला येतेय, चांगली तीन आठवडे. तिकीट काढलंय.

बाबा, "एवढं काय अडलंय तिथे?" असं तुम्हाला वाटणारच. आठवतं का, रात्री जेवणं झाली की मी ओट्यावर बसून आईच्या वायलच्या पदरातून चौकातला दिवा बघायचे? एका दिव्याचे फुलीसारखे कितीतरी दिवे व्हायचे, त्यांच्या कडांना रंग. विणीतले धागे समान अंतरावर असतात म्हणून ते तसं दिसतं.

माझ्या इथल्या प्रयोगातला धागा काचेचा, केसापेक्षा थोडा जाड. त्याच्या पोटात अर्ध्या मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक अशा फिकट रेघा कोरलेल्या. पाच-सहा सेंटिमीटरांत लाखभर. एकेक रेघ प्रकाश जेमतेम परतवते, पण ठरावीक रंगासाठी सगळ्या एकजुटीने त्याला मागे लोटतात. त्या रंगाच्या अगदी काठावरचा प्रकाश आत शिरतो, पण रेंगाळतो, पसरून विस्कटतो. झोत खूप तीव्र केला की काचेचा अपवर्तनांकच, म्हणजे काच प्रकाशाला किती हळू करते ते, तेवढ्या क्षणापुरता बदलतो, आणि तो बदल प्रकाशाच्या स्पंदाला, म्हणजे त्या क्षणभराच्या झोताला, पसरू देत नाही. सावकाश, पण न विस्कटता तो बाहेर येतो. पदराचं तसं नाही, दिवा कितीही प्रखर असला तरी वीण तीच. अशा स्पंदांची कल्पना चेन आणि मिल्स या शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मांडली. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत एगल्टन आणि सहकाऱ्यांनी काचेच्या धाग्यात ते करून दाखवलं. माझ्या धाग्यातून तो उशिरा येणारा, टोकदार स्पंद मला गेल्या महिन्यात पहिल्यांदा दिसला. पहाटेचे चार वाजले होते. रडू आलं. आत्ता सोडून आले तर ते अर्धवटच राहील, बाबा. तुम्हाला सोडून राहायचंय असं अजिबात नाही.

सकाळच्या पोळ्यांना बाई सोमवारपासून येतील, मी बोललेय. इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घेतलीय. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही, आणि गच्चीच्या टाकीवर चढायचं नाही. म्हणजे नाहीच. आई, ऑपरेशननंतर वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. थेंब मी घालीन. घाबरू नकोस गं, मी बाहेरच बसलेली असेन.

हल्ली दिव्याभोवती वलय दिसतं म्हणालीस ना? डोळा बरा झाला की एकदा ओट्यावर बसू. ती वायलची साडी तेवढी बोहारणीला देऊ नकोस.

तुमची,
चिमी