महाबळेश्वर सहल : हॉटेलात वागण्याबाबत

सर्व सभासदांस,

शनिवारी सकाळी ठीक ६ वाजता स्वारगेटहून बस सुटेल. पसरणी घाट लागतो त्यांनी गोळी वाईच्या आधीच घ्यावी, घाटात पिशवी शोधत बसू नये. आता मुख्य मुद्दा.

गेल्या खेपेला शेजारच्या खोल्यांत एक मोठं कुटुंब उतरलं होतं. रात्री साडेबाराला व्हरांड्यात पत्त्यांचा डाव, मोबाईलवर मोठ्यांदा गाणी, आणि पोरं दारादाराची बेल वाजवून पळत होती. सकाळी नाश्त्याच्या टेबलांवर टोप्या ठेवून जागा अडवलेल्या. आपण दोन दिवस त्यांना नावं ठेवली. पण निघायच्या दिवशी सहा उकडलेली अंडी रुमालात बांधून नेणारे आपलेच सभासद होते. नाव लिहीत नाही, त्यांना ठाऊक आहे.

तेव्हा यंदा रात्री १० नंतर गप्पा खोलीत, दार लावून. ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेवा. गरम पाणी सोलरचं असल्याने बादलीभरच घ्या, मागच्यालाही अंघोळ करायची असते. खिडकी उघडी टाकून फिरायला जाऊ नका. माकडं आधी आपल्या चकल्या संपवतात, मग शेजारच्यांच्या खोलीकडे वळतात.

दुसऱ्या पाहुण्यांचा त्रास झाला तर स्वतः भांडायला जाऊ नका. रिसेप्शनला फोन करा, त्यांचा माणूस जाईल.

उरलेली वर्गणी बसमध्ये द्यावी. सुटे आणावेत.

– सहल समिती