विन्या, आपलं वेगळं जीपीएस कशाला, म्हणतोस?

नागपूर

प्रिय विन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. अर्धा वेळ तर तू हसूनच राहिला होता बे. गाड्यांचे ट्रॅकर बनवणारा माणूस तू, आणि तूच विचारतो की अमेरिकेचं जीपीएस फुकटात मिळून राहिलं तर जागा सांगणारी आपली वेगळी सॅटेलाइट, म्हणजे इस्रोचं नाविक, कायले पायजे, उगा चिपचा खर्च वाढतो. व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप केलं असतं तर तू खाली स्क्रोल करून अंगठा टाकला असता, म्हणून हे पत्र. आरामात वाच.

कारगिलच्या युद्धात अमेरिकेनं जीपीएसची माहिती दिली नाही म्हणतात, ती गोष्ट मी सांगणार नाही, ती सगळेच सांगतात. तू म्हणशील युद्धाचं युद्धवाले बघतील, मला बसच्या ट्रॅकरचं बोल. बरं, तसंच बोलू. २००० सालापर्यंत अमेरिका साध्या लोकांच्या सिग्नलमधे मुद्दाम चूक घालायची, जवळपास शंभर मीटरची. मे २००० मधे क्लिंटननं ते बंद करायला लावलं आणि रातोरात जगभरचे रिसीव्हर सुधारले, कोणाला एक स्क्रू फिरवावा लागला नाही. पुढे २००७ मधे त्यांनी सांगितलं की नव्या पिढीच्या सॅटेलाइटांत ती सोयच ठेवणार नाही. चांगलंच केलं, मी नावं ठेवत नाही. पण ते सगळं ठरलं तिकडे, त्यांच्या हिशोबानं. उद्या सिग्नलमधे काही गडबड झाली तर तू तक्रार कोणाकडे करशील? आपण त्यांचे ग्राहक पण नाही, नुसते वापरणारे.

आता माझं ऐक. सध्या काटोलकडे एका संत्र्याच्या बागेत मोजणी सुरू आहे. दोघं भाऊ, मधे बांध, आणि तो बांध हातभर कुणाच्या अंगावर सरकला यावरून बोलणं बंद. रोव्हर, म्हणजे माझा मोजणीचा रिसीव्हर, घेऊन झाडांच्या मधे उभं राहिलं की पानांमुळे सिग्नल तुटतो, स्क्रीनवर 'फिक्स' म्हणजे पक्क्या जागेचं 'फ्लोट' म्हणजे अंदाजाचं होऊन जातं, आणि दोघंही भाऊ माझ्या खांद्यावरून असे डोकावतात जसं काही कोर्टाचा निकालच तिथे उमटून राहिला. मी आपला सॅटेलाइटची यादी उघडतो. जी म्हणजे जीपीएस, आर रशियाचं ग्लोनास, ई युरोपचं गॅलिलिओ, सी चीनचं बायडू, आणि आय म्हणजे आपलं नाविक. जितके जास्त दिसतील तितकं फिक्स लवकर येतं. म्हणजे माझं पोट या सगळ्यांवर मिळून चालतं, त्यामुळे 'आपलं पायजे' म्हणताना बाकीचे फेकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही.

नाविकची रचना मात्र मला मनापासून आवडते. जीपीएसला अख्खं जग सांभाळायचं म्हणून किमान २४ सॅटेलाइट लागतात, ती वीस हजार किलोमीटरवरून फिरत असतात. आपल्याला भारत आणि सीमेबाहेरचा दीड हजार किलोमीटरचा पट्टा पुरे होता, म्हणून सातातच भागवलं, पण ती ठेवली ३६ हजार किलोमीटरवर. तीन एका जागी थांबल्यासारखी, चार तिरप्या कक्षेत, जी आकाशात रोज इंग्रजी आठचा आकडा काढतात. त्यातली ८३ अंश पूर्वेची जागा नागपूरहून बघशील तर जवळपास सरळ दक्षिणेला, साठ-पासष्ट अंश वर. इतक्या उंचावरचा सिग्नल बिल्डिंगींच्या मधे आणि झाडांच्या रांगेत सहज अडत नाही. वरून एल-५ आणि एस अशा दोन वेगळ्या बँडवर सिग्नल, कारण विषुववृत्ताजवळच्या आपल्या आकाशात आयनोस्फिअर, म्हणजे वरचा विद्युतभारित थर, फार उचापती करतो, आणि दोन फ्रिक्वेन्सी असल्या की त्यानं किती उशीर केला ते रिसीव्हरला स्वतःच काढता येतं. डोकं लावून केलेलं काम आहे बे.

२००६ मधे मंजुरी मिळाली, जुलै २०१३ ला पहिलं गेलं, एप्रिल २०१६ ला सातवं. तिथवर सगळं मस्त. मग घड्याळं बंद पडायला लागली.

हे घड्याळाचं प्रकरण लोकांना कळतच नाही, त्यांना वाटतं सॅटेलाइट म्हणजे वरून फोटो काढणारं काहीतरी. नाही ना. तो वरून फक्त 'आत्ता इतके वाजले, मी इथे आहे' एवढंच सांगत असतो आणि बाकी हिशोब आपला डबा, म्हणजे रिसीव्हर, करतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकलं की तिनशे मीटरचा घोळ. जीपीएसची घड्याळं वर गेल्यावर आइन्स्टाइनच्या हिशोबानं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, ते आधीच वजा केलं नाही तर रोज अकरा किलोमीटरची चूक साचेल. म्हणून आत रुबिडियमची अणुघड्याळं. आपण ती युरोपातून घेतली, एकेका सॅटेलाइटमधे तीन-तीन. पहिल्या सॅटेलाइटची तिन्ही गेली. तो वर फिरून राहिला, सिग्नलही देत होता, पण वेळेचा भरोसा नाही म्हणजे जागा सांगायला बिनकामाचा. गॅलिलिओमधेही तशाच घड्याळांनी त्रास दिला, फक्त त्यांच्याकडे एका सॅटेलाइटला चार घड्याळं आणि एकूण सॅटेलाइट भरपूर, म्हणून त्यांचं निभावलं.

त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मधे दुसरं पाठवलं तर रॉकेटच्या टोकाचं झाकण, म्हणजे हीट शील्डच, उघडलं नाही, सॅटेलाइट आतच अडकून राहिला. एप्रिल २०१८ ला पुढचं नीट गेलं. आणि मग? मग पाच वर्षं काहीच नाही रे! माझा खरा राग इथे आहे. हीट शील्ड न उघडणं हा अपघात, रॉकेटच्या धंद्यात होतं. पण ज्याचं आयुष्य दहा वर्षं धरलंय त्याचं बदली सॅटेलाइट सातव्या-आठव्या वर्षी तयार नको का उभं? मे २०२३ मधे नव्या पिढीचं एनव्हीएस-०१ गेलं, त्यात अहमदाबादला बनवलेलं आपलं स्वतःचं रुबिडियम घड्याळ, आणि फोनवाल्यांसाठी एल-१ बँडपण टाकला. मी त्या दिवशी जाम खूश होतो. जानेवारी २०२५ ला एनव्हीएस-०२ गेलं, श्रीहरिकोटाचं शंभरावं उड्डाण म्हणून टीव्हीवर कौतुक, आणि वर गेल्यावर इंजिनाचा व्हॉल्व्हच उघडला नाही, ठरलेल्या कक्षेत पोचलंच नाही. जुलै २०२५ मधे सरकारनं संसदेत सांगितलं की वर सोडलेल्या अकरांपैकी जागा सांगायचं काम चारच करून राहिले, आणखी चार नुसते मेसेज पाठवण्यापुरते. आता तू रिसीव्हरवाला, तुला माहीत आहे की जागा काढायला कमीत कमी चार लागतात, तीन जागेसाठी आणि एक रिसीव्हरच्या स्वतःच्या घड्याळाची चूक काढायला. म्हणजे तेव्हा काठावरच पास. त्यातला एक झाडामागे गेला की नुसत्या नाविकवर माझा रोव्हर मुका.

तू म्हणशील मग मी तेच म्हणून राहिलो होतो ना. नाही भाऊ. तू म्हणतो बनवूच नये, मी म्हणतो बनवलं तर सांभाळा. युरोपचं बघ. त्यांचं गॅलिलिओ मुळापासून नागरी ताब्यातलं. जुलै २०१९ मधे जमिनीवरच्या यंत्रणेत बिघाड होऊन जवळपास आठवडाभर सेवा बंद होती, फोनवाल्यांना कळलंही नाही कारण फोन चुपचाप जीपीएसवर गेले. पण त्यांनी वापरणाऱ्यांना नोटीस काढली आणि बाहेरच्या लोकांची चौकशी बसवली. मला नागरी म्हणजे तेवढंच पायजे. कोणता सॅटेलाइट चालू, कोणता आजारी, कधी बदलणार, हे मला आणि तुला सकाळी कामाला निघण्याआधी सरळ कळलं पायजे, संसदेत कोणी खासदारानं प्रश्न विचारेपर्यंत थांबायला नको.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. विमानांसाठीचं गगन घे, इस्रो आणि एअरपोर्ट अथॉरिटीचं. त्याची संदर्भ स्टेशनं देशभर आहेत, एक इथे नागपुरातही. स्टेशनची जागा आधीच पक्की माहीत, त्यामुळे सिग्नल किती चुकला ते लगेच कळतं, दुरुस्ती वरच्या जीसॅट सॅटेलाइटांमधून विमानाला जाते, आणि सिग्नलवर भरोसा ठेवू नको असा इशाराही काही सेकंदांत. एप्रिल २०२२ मधे राजस्थानातल्या किशनगडला त्याच्यावर एटीआर विमान उतरवून दाखवलं. पण तेही दुरुस्त काय करतं? जीपीएसच. मूळ सिग्नल तिकडचाच.

परवा झिरो माइलवरून गेलो तर एक जण पोरांना सांगून राहिला होता की हा देशाचा मधला दगड. तिथे थांबून वाद घालायची फार इच्छा झाली, पण बायको सोबत होती. तो सर्व्हेवाल्यांचा १९०७ चा उंचीचा बेंचमार्क, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. दगड एकदा रोवला की शंभर वर्षं बघावं लागत नाही. सॅटेलाइटचं तसं नाही, आणि आपल्या लोकांना लाँचचे फोटो आवडतात, बदलीचं बजेट कोणाला आवडत नाही.

तुझ्या चिपच्या खर्चाचं म्हणशील तर एप्रिल २०१९ पासून गाड्यांच्या ट्रॅकरला नाविकची सक्ती झाली नसती तर एवढ्या चिपवाल्यांनी ते टाकलं असतं का? गिऱ्हाईक दिसल्याशिवाय चिप कोणी बनवत नाही. तू शिव्या दे, पण त्या सक्तीमुळेच माझ्या यादीत आय दिसायला लागलं असं मला तरी वाटतं.

आता एक काम कर. तुमच्या ट्रॅकरच्या लॉग फायली असतीलच, समृद्धीवर धावणाऱ्या एखाद्या बसची महिनाभराची कच्ची फाइल पाठव, गाडी नंबर काढून टाक. मोकळ्या रस्त्यावर एका वेळी किती आय सापडतात ते मला बघायचंय, आणि इगतपुरीच्या डोंगरात काय होतं तेही. वहिनींना नमस्कार सांग, पोराची परीक्षा कशी गेली ते कळव.

तुझाच,
नंद्या