कानरिनिन-सान, पाकळ्या लगेच न झाडल्याबद्दल थँक्यू

कानरिनिन-सान,

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण मनातलं सगळं नीट येतं ते मराठीतच. ऑफिसातली मैत्रीण तुमच्यासाठी जपानीत करून देणारे. आणि उघडच लिहितेय, म्हणजे आपल्या मराठी लोकांनाही कळेल की टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या एका साध्या बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या माणसाने, म्हणजे कानरिनिनने, मला साकुरा, चेरीचा बहर, बघायला शिकवलं.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये आले मी टोकियोत. पहिला साकुरा 2023 चा. 14 मार्चला यासुकुनी देवळातल्या त्या ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली आणि काइका, म्हणजे बहराची सुरुवात, जाहीर झालं, 22 तारखेला मानकाई, म्हणजे पूर्ण बहर, आणि त्याच दिवशी आपला गुढीपाडवा. पण बुधवार होता, ऑफिस होतं, म्हटलं शनिवारी निवांत जाऊ, डबा पण ठरवून ठेवला होता. आणि शनिवार-रविवार दोन्ही दिवस पाऊस. मी छत्री घेऊन खाली दारात उभी होते, रडू येत होतं अगदी, घरापासून इतकं लांब येऊन हेच हुकलं म्हणून. तुम्ही काही समजूत वगैरे घातली नाहीत. एवढंच म्हणालात, सोमवारी ऑफिसच्या आधी सायकल घेऊन खाली ये.

मग शिनकावा नदीच्या काठाने नेलंत. पूर्वी ग्योतोकु गावचं मीठ याच पाण्यातून एदोला, म्हणजे जुन्या टोकियोला, जायचं हे पण तुम्हीच सांगितलंत. झाडांवर निम्मी फुलं नव्हती, पण पाण्यावर पाकळ्यांचा थर, हळूहळू सरकत होता, मधूनच एखादं बदक त्यातनं वाट काढत जायचं. हानाइकादा म्हणतात याला, फुलांचा तराफा. तुम्ही म्हणालात, हा पण हानामीच आहे, फुलं बघणंच, आणि यानंतर कोवळी पानं येतील, हाझाकुरा, तो पण बघ. तोपर्यंत मला वाटायचं मानकाईचा एक दिवस गाठला तरच खरं.

आणि तुमची ती वही! 1 फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान लिहायचं, बेरीज करत जायची, 600 च्या आसपास आली की टोकियोत फुलं येतात. 2024 पासून मी पण फ्रिजवर कागद लावून बेरीज करायला लागले. त्या वर्षी मार्च अर्धा संपता संपता 600 ओलांडले तरी झाडं गप्प, शेवटी 29 मार्चला काइका. मी विचारलं तर म्हणालात, कळ्यांना आधी हिवाळ्याची कडक थंडी लागते, ती कमी पडली की झोप उशिरा मोडते. तेव्हापासून जानेवारीत बोटं गारठली तरी मला बरं वाटतं, खरंच.

यंदा, 2025 मध्ये, 30 मार्चला परत तेच, पाडवा आणि मानकाई एकाच दिवशी, आणि रविवार! बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीवर गुढी उभारली. दुसऱ्या कोणी आधी नियम काढले असते, तुम्ही खाली उभं राहून बराच वेळ बघत राहिलात आणि मग वर येऊन विचारलंत हे काय आहे. मी सांगितलं, आमचं नवीन वर्ष. लगेच वही काढून मानकाईच्या शेजारी काताकाना लिपीत "पादोवा" लिहिलंत, मागची पानं उलटलीत आणि 2023 च्या 22 मार्चपुढे पण लिहिलंत. पुरणपोळी खाऊन म्हणालात आत आनको, तुमचं गोड सारण, आहे का, आणि तुम्ही आणलेला साकुरामोची मी खारवलेल्या पानासकट खाल्ला, त्या पातळ गुलाबी पोळीत आझुकीच्या लाल दाण्यांचं गोड सारण, दोघांचं पुरणच की! तेव्हाच सांगितलंत की उद्या शेवटचा दिवस, 31 मार्चला रिटायर.

एक गोष्ट तुम्हाला कधी बोलले नाही. रोज सकाळी तुम्ही सगळं अंगण झाडायचात पण साकुराच्या झाडाखालचं तेवढं दुपारपर्यंत ठेवायचात, शाळेतनं येणारी पोरं पाकळ्या उधळून झाली की मग झाडू घ्यायचात. मी वर्क फ्रॉम होमच्या दिवशी खिडकीतनं बघायचे. त्याच्यासाठी स्पेशल थँक्यू.

आता तुम्ही हिरोसाकीला, तुमच्या गावी. तिथे सफरचंदाच्या बागेतल्यासारखी साकुराची छाटणी करतात आणि म्हणून शंभरी ओलांडलेली सोमेई योशिनो जातीची झाडं अजून भरभरून फुलतात, हे सांगताना तुमचा चेहरा कसा व्हायचा ते आठवतंय. मी 26 एप्रिलचं शिन-आओमोरीचं शिनकानसेन तिकीट काढलंय, पुढे लोकलने येते. तोवर बहर ओसरला असला तरी चालेल, मला किल्ल्याच्या खंदकातल्या पाकळ्या बघायच्यात तुमच्याबरोबर. पुरणपोळ्या आणते. वही काढून ठेवा.

तुमची,
302 मधली