जुने दुखणे आणि नवी साथ

विश्रामबाग, सांगली
२० जून २०२१

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. एरवी फोनवर भागते, तरी तू चार पाने लिहिलीस, त्यावरूनच प्रकरण साधे नाही हे कळले. दिवाळीपासून तू डॉक्टरांकडे फिरकलेला नाहीस, तीन महिन्यांची साखर तपासलेली नाही, आणि दवाखान्यात गेलो तर तिथूनच कोरोना घेऊन येईन ही धास्ती मनातून जात नाही, असे तू लिहितोस. संधिवात अंगावर असताना मी हे सव्वा वर्ष कसे काढले, असेही विचारले आहेस. आधी एकच गोष्ट सांगतो, मग बाकीचे बोलू. नव्या रोगाच्या भीतीने जुन्या रोगाकडे पाठ फिरवायची नाही, एवढे एक पथ्य मी पाळले. बाकी सगळे त्याच्या ओघाने आले.

माझा वात म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच वाट चुकून स्वतःच्या सांध्यांवर उठते, असा हा आजार. सकाळी तासभर बोटांची मूठ वळत नाही आणि चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. त्यावर वर्षानुवर्षे जी औषधे चालू आहेत, त्यांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी आहे, जिचे नाव २०२० च्या मार्चमध्ये एकाएकी घरोघरी पोहोचले. इस्लामपुरात रुग्ण सापडल्याच्या बातम्या येत होत्या, टाळेबंदी लागली होती आणि कोरोनावर ही गोळी चालते असे कोणीतरी म्हटल्याबरोबर ज्यांना तिची गरज नव्हती त्यांनी पट्ट्याच्या पट्ट्या घरी नेऊन ठेवल्या. २६ मार्चला सरकारने तिच्या विक्रीवर कडक निर्बंध घातले, पण तोवर आमच्या मेडिकलवाल्याचा कप्पा रिकामा झाला होता. पुढे मोठ्या चाचण्यांत कोरोनाच्या रुग्णांना तिचा फायदा होत नाही असेच दिसून आले. ज्यांच्या घरी त्या पट्ट्या पडून राहिल्या, त्यांना त्याचे काही वाटले असेल असे मला वाटत नाही.

दुसरी गोळी मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती प्रतिकारशक्ती आवरते, म्हणून साथीत ती बंद करावी असा सल्ला नात्यागोत्यातल्या प्रत्येकाने दिला. मिरजेचे माझे डॉक्टर मात्र फोनवर स्पष्ट म्हणाले, की आपल्या मनाने गोळी सोडलीत आणि वात उसळला, तर स्टेरॉइड द्यावे लागेल आणि जंतुसंसर्गाचा धोका त्याने अधिक वाढेल. मी गोळी सोडली नाही. घरोघरी काढे उकळत होते तेव्हा मजाच होती. सगळे गाव प्रतिकारशक्ती वाढवायच्या मागे आणि माझे सगळे उपचार तिला लगाम घालण्यासाठी! शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा प्रेमाने आणून दिला, तो मी तितक्याच प्रेमाने परत केला. हळदीच्या पेठेच्या गावात राहून हळदीविरुद्ध बोलणे बरे नव्हे. भाजीत, दुधात ती हवीच, पण तिच्या भरवशावर गोळी सोडू नये. तुझ्याकडेही रोज गूळ घातलेला काढा चालू आहे असे पत्रात दिसले. मधुमेह्याने दिवसातून दोनदा गूळ प्यायचा आणि साखर वाढली म्हणून कोरोनाला बोल लावायचा, हे काही खरे नव्हे.

दवाखान्यात न जाताही पुष्कळ काही होते. फोनवरून आणि व्हिडिओवरून सल्ला देण्याचे नियम केंद्राने २५ मार्च २०२० रोजीच काढले, त्यामुळे डॉक्टर चिठ्ठी मोबाईलवर पाठवू शकतात. रक्त घ्यायला प्रयोगशाळेचा मुलगा घरी येतो. तो मास्क लावून व्हरांड्यात बसतो, दारे-खिडक्या उघड्या असतात, पाच मिनिटांत काम होते. मेथोट्रेक्सेटमुळे यकृत आणि रक्तपेशी तपासाव्याच लागतात, त्यामुळे माझी ही तपासणी ठरल्या वेळी होत राहिली. तुझीही तशीच होऊ शकते. तळपायांची तपासणी मात्र प्रयोगशाळेवर सोडू नकोस. रात्री झोपताना वहिनींना बॅटरी धरायला सांग आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाहा. घरात आहोत म्हणून तू अनवाणी फिरत असशील, आणि मधुमेह्याला लागलेले कळत नाही. दूरचे दिसायला त्रास होतो असे तू लिहिले आहेस, तर नेत्रतज्ज्ञांकडे मात्र प्रत्यक्ष जावेच लागेल. आधी वेळ ठरवून सकाळच्या पहिल्या रुग्णांत जा. आणि साखर आटोक्यात ठेवण्याचे आणखी एक कारण या दोन महिन्यांत आपण सर्वांनी वाचले आहे: काळ्या बुरशीने गाठलेल्यांत साखर बेसुमार वाढलेले आणि स्टेरॉइड घेतलेले रुग्णच जास्त होते.

आता मनाचे. एप्रिल-मे वाईट गेले. सांगली-मिरज रस्त्यावरून रुग्णवाहिका जाई तेव्हा आम्ही दोघे बोलणे थांबवत असू, आणि व्हॉट्सॲप उघडले की भावपूर्ण श्रद्धांजलीच. 'आनंदी राहा' असे सांगणाऱ्यांचा मला त्या काळात राग येई, अजूनही येतो. आनंद सांगून येत नाही. वेळ मात्र बांधून घेता येते. मी बातम्या दिवसातून एकदा, संध्याकाळी, वर्तमानपत्रातच वाचायच्या असे ठरवले आणि शोकसंदेशांचे गट बंद करून ठेवले. सकाळी गरम पाण्यात हात शेकून ज्वारीचे पीठ मळतो. भाकरी थापणे माझ्या बोटांना जमत नाही, ते काम हिचे, पण उकळीच्या पाण्यातले ऊन पीठ तळव्याने रगडताना आखडलेले सांधे एकेक करून सुटतात आणि फिजिओथेरपीवालीने दाखवलेल्या व्यायामापेक्षा याचा मला कंटाळाही कमी येतो. पाच वाजता शेजारच्या दोन मुलांना फोनवर गणित शिकवतो. ऑनलाइन शाळेत त्यांचे अपूर्णांक राहून गेले आहेत. सांधे कितीही धरलेले असोत, पाच वाजता पोरे वाट पाहत असतात म्हणून अंथरूण सोडावेच लागते. तू निवृत्त झाल्यापासून तुझी कोणी वाट पाहत नाही, हे मला तुझ्या साखरेपेक्षा जास्त खुपते. साताऱ्यात पोरांची वाण नाही, शोध कोणी.

एक मात्र ध्यानात ठेव. दीर्घ आजारात थकवा हा रोगाचाच भाग असतो, त्याला आळस समजून स्वतःला कोसू नये. पण दोनेक आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, कशातच मन लागत नाही असे झाले, तर ते डॉक्टरांना सांगायचे. त्यालाही औषध असते, आणि मन खंबीर करण्याच्या गप्पांनी ते बरे होत नाही.

लसीचा पहिला डोस मी एप्रिलमध्ये घेतला. त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी डॉक्टरांनी पुढे ढकलायला सांगितली होती. तो सल्ला माझ्यापुरता, तुला तसे काही करायचे नाही. दुसरा डोस मेअखेरीस होता, पण १३ मे रोजी कोविशिल्डच्या दोन डोसांतले अंतर १२ ते १६ आठवडे केले, त्यामुळे आता जुलै. तू अजून पहिलाच घेतलेला नाहीस, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवले आणि फेरी मारून आलो. ताप येईल म्हणून घाबरतोस? एक दिवसाचा ताप आणि पॅरासिटामॉल, एवढेच बहुतेकांना होते. या आठवड्यात नाव नोंदव.

पावसाळ्याची आमची तयारी झाली आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची खूण ४५ ला आहे. तेव्हापासून महिनाभराच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि ऑक्सिमीटर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवतो. साताऱ्यात पूर नसला तरी वीज जाते, आणि तू इन्सुलिन घेतोस. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये ठेव, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. वीज फार वेळ नसेल तर ती पिशवीत बांधून माठाजवळच्या गारव्यात ठेवावी. उघडलेली कुपी चारेक आठवडे घरच्या तापमानात चालते, फक्त ऊन लागू देऊ नकोस.

सोमवारी रक्त दे. रिपोर्ट आला की आकडा जसाच्या तसा मला कळव, गोल करून नको. आणि येताना कंदी पेढे आणायची भाषा तूर्त बंद. इकडे आलास तर हिच्या हातची भाकरी आणि मेथीची पातळ भाजी मिळेल, पीठ माझे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक