मराठी मुलांच्या चुका ओळखणारी पुस्तके हवीत

संपादक महोदय,

मुलीच्या बँक परीक्षेसाठी इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक घ्यायला परवा सीताबर्डीवर गेलो. चार पुस्तके चाळली. 'मी दहा वर्षांपासून नागपुरात राहतो' याचे आमची मुले हटकून 'आय ॲम लिव्हिंग सिन्स टेन इयर्स' करतात, कारण मराठीत इथे साधा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत 'हॅव बीन लिव्हिंग' हवे आणि 'सिन्स' नव्हे, 'फॉर'. ही चूक समजावणारे पान एकाही पुस्तकात नव्हते, नुसते तक्ते!

व्यवसायाच्या पुस्तकांचेही तेच. जीएसटी २०१७ मध्ये आला, पण इतवारीतल्या छोट्या दुकानदाराला कळेल असे मराठी पुस्तक मला त्या दिवशी मिळाले नाही. प्रकाशकांनी अनुभवी शिक्षकांकडून, कर सल्लागारांकडून अशी पुस्तके मुद्दाम लिहून घ्यावीत.

– एक पालक, महाल, नागपूर