पेनानं लिवा वो बाई

नमस्कार शाळा समितीच्या अध्यक्षाताई,

हे तोंडावर बोलायचं होतं. दोनदा बाजारात आलो, दोन्ही वेळा तुम्ही मासळीची पाटी मांडून बसलेल्या. गिऱ्हाइकांसमोर माझाच गळा भरून यायचा, म्हणून मागल्या पावली परतलो. शेवटी लिहायला बसलो.

ठाण्याजवळच्या दिव्यातली खोली सोडून आम्ही रत्नागिरीत आलो, तेव्हा टेम्पोत सगळं होतं, लेकीचा दाखला तेवढा नव्हता. फी थकली म्हणून तिकडच्या शाळेने तो अडवला. फी थकली होती, नाही म्हणत नाही. पण ती मी थकवली, तिसरीतल्या पोरीने नव्हे. इथे एका शाळेत ऐकलं, ‘दाखला आणा, मग बघू.’ दुसरीकडे क्लार्कसाहेबांनी वहीत पेन्सिलीने नाव टिपलं. ‘ऑनलाइन ट्रान्सफर आली की पक्कं करू,’ म्हणाले. पोर रोज विचारायची, ‘बाबा, झालं का माझं नाव पक्कं?’ जून सरला. वाडीतली मुलं छत्र्या उघडून शाळेत जायची आणि ही पडवीत बसून दप्तराची चेन उघडायची, लावायची.

दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा नगरपरिषदेच्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय. कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. हे मला कुणी सांगावं? खुर्चीवरच्यांनी नाही, तुम्ही. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका, हेही त्याच कायद्यातलं. मी आपला समजत होतो, समिती म्हणजे सह्यांपुरती!

बाकीचं वर्गाच्या बाईंनी निस्तरलं, त्यांचे उपकार आहेतच. पण मला आठवतो तो एकच क्षण. बाईंनी हजेरीपट उघडला आणि हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. तुम्ही दारात उभ्या, लुगड्याचा काठ भिजलेला. कमरेच्या बटव्यातून पेन काढून पुढे केलंत. ‘पेनानं लिवा वो बाई. पोर काय भाड्यानं आलंय?’

बाई हसल्या आणि निळ्या शाईत नाव लिहिलं. तुमचं ओलं बोट लागून शेवटचं अक्षर जरा पसरलं. मग बाईंनी नाव पुकारलं, तर ही एवढ्या जोरात ‘हजर’ ओरडली की शेजारच्या वर्गातली मुलं डोकावली.

ताई, तुम्हाला हे आठवतही नसेल. पाटी उचलून तुम्ही लगेच निघालात, मासळी खराब होईल म्हणून. दुसऱ्याच्या पोरासाठी स्वतःचा धंदा तासभर अडवणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्या टेबलावर नावाची पाटी नसते.

दाखला गणपतीनंतर आला. बाईंनी तो फायलीला लावला. हजेरीपटात काही बदलावं लागलं नाही.

आपला,
तिसरीतल्या एका मुलीचा बाप